वस्तीचा विकास वस्तीनेच करायचा, तर नोंदणी कशाची करावी?

जुन्या चाळीतले भाडेकरू, गुंठेवारीतले प्लॉटधारक, पन्नाससाठ घरांच्या लेआउटमधले रहिवासी. बिल्डरची किंवा नगरसेवकाची वाट न पाहता आपणच काहीतरी करू असं ठरलं की दुसऱ्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "आधी एक ट्रस्ट काढून टाकू." दुसऱ्याला सोसायटी बरी वाटते. तिसऱ्याच्या ओळखीचे सीए कंपनी सुचवतात. तिघांच्या मनात काम तेच असतं, पण यातली कुठली नोंदणी होते त्यावर त्या कामाचं पुढचं सगळं ठरतं.

नोंदणी म्हणजे नुसता शिक्का आणि लेटरहेड नव्हे. मालमत्ता कोणाच्या नावावर राहणार, मत कोणाला आणि किती, आणि उद्या भांडण होऊन संस्था मोडली तर उरलेलं कोणाकडे जाणार, हे सगळं तिथे ठरून जातं. या तीन प्रश्नांची उत्तरं वस्तीने आधी द्यावीत आणि त्यांना बसेल तो कायदा मग निवडावा. उलट केलं की कायद्याच्या मापाने वस्ती कापावी लागते. न्यास (म्हणजे ट्रस्ट) आणि सहकार यांचे कायदे राज्यागणिक वेगळे असल्यामुळे इथे लिहिलंय ते महाराष्ट्रापुरतं.

पहिली पायरी: काम एका वाक्यात लिहा

"परिसराचा सर्वांगीण विकास" हे वाक्य चालणार नाही. "आमच्या ४२ खोल्यांच्या चाळीच्या जागी आम्हीच इमारत बांधणार" हे चालेल. "लेआउटच्या खुल्या जागेत बाग आणि अभ्यासिका करून चालवणार" हेही चालेल.

वाक्य लिहिलं की एक प्रश्न विचारा: याचा फायदा फक्त सभासदांना होणार की येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही? घरं बांधली तर ती सभासदांची. बाग, वाचनालय, नाल्याकाठची झाडं सगळ्यांची. कायद्याच्या नजरेने या दोन वेगळ्या वाटा आहेत. सभासदांच्या हिताचं काम सहकारी संस्थेकडे किंवा कंपनीकडे जातं, लोकहिताचं न्यासाकडे. दोन्ही करायचं असेल तर दोन वाक्यं लिहा. पुढे बहुधा संस्थाही दोन लागतील.

काम लहान आणि अल्पकाळाचं असेल तर नोंदणीच नको. मुंबईत महापालिकेची एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) योजना १९९७ पासून आहे. एका गल्लीतले रहिवासी एकत्र येऊन कचरा वेगळा करतात, कंपोस्ट करतात, वॉर्ड ऑफिसशी थेट बोलतात. त्यांच्या नावाची नोंद वॉर्डात होते, स्वतंत्र कायदेशीर संस्था लागत नाही. गणेशोत्सव मंडळं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ज्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घेऊन वर्गणी गोळा करतात, ती वाटही ठरावीक मुदतीच्या धर्मादाय कामाला खुली आहे. वर्षभर असं काम करून बघा. बैठकीला कोण येतं, हिशेब कोण नीट ठेवतं, हे नोंदणीआधी कळलेलं फार बरं.

मात्र कायमची वस्तू उभी राहिली की हे पुरत नाही. एका वस्तीत वर्गणीतून बोअरवेल मारली. मंडळ नोंदलेलं नव्हतं, म्हणून पंपाचा वीजमीटर कोपऱ्यावरच्या घरमालकांच्या नावावर घेतला. गृहस्थ सज्जन होते, बिल वेळेवर भरायचे. पुढे त्यांनी घर विकलं. नव्या मालकाने कागद काढून दाखवले: मीटर माझ्या घराचा, बोअर माझ्या हद्दीत दीड फूट आत. पैसे चाळीस घरांचे होते, पण तसं सांगणारा एकही कागद नव्हता. जमीन, बोअर, खोली, मोठी ठेव यांपैकी काहीही येणार असेल तर ते नावावर घेणारी कायदेशीर व्यक्ती आधी जन्माला यायला हवी.

दुसरी पायरी: जागेचा उतारा काढा

शहरात मिळकत पत्रिका, गावठाणाबाहेर सातबारा. ऑनलाइन निघतो, काढाच. धारकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते पाहा. धारणाधिकाराच्या रकान्यात भाडेपट्टा किंवा शासनाचा उल्लेख आहे का ते पाहा. मग फेरफाराच्या नोंदी खालून वर वाचत जा. बऱ्याच वस्त्यांना आपल्या पायाखालची जमीन कोणाची आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

खुली जागा महापालिकेच्या नावावर असेल तर कुठलीही संस्था काढा, जमीन तुमची होणार नाही. मिळेल तो देखभालीचा करार, आणि तो करायला नोंदणीकृत संस्था लागते. इमारतीची जमीन अजून जुन्या बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर आधी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स: मालक सही करत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं. फ्लॅटविक्रीसंबंधीच्या १९६३ च्या मोफा कायद्यात त्याची तरतूद आहे. ते होईपर्यंत पुनर्विकासाच्या गप्पा हवेतच राहतात. पागडीच्या चाळीत मालक वेगळा आणि राहणारे वेगळे, त्यामुळे भाडेकरूंची नियोजित सोसायटी करून पुढे जावं लागतं. घोषित झोपडपट्टीत झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) प्राधिकरणाची रीत लागू होते. म्हाडा आणि झोपु प्राधिकरण यांचे सहकार निबंधक स्वतंत्र आहेत, म्हणून चुकीच्या उपनिबंधकाकडे फाईल देऊ नका.

तिसरी पायरी: पैसा कुठून येणार ते ठरवा

पैशाच्या उगमावरून निम्मे पर्याय आपोआप गळतात. सभासदांची वर्गणी आणि बँकेचं कर्ज यावर काम चालणार असेल तर सहकारी संस्था सोयीची. देणग्यांवर चालणार असेल तर न्यास किंवा कलम ८ ची (म्हणजे नफा न वाटणारी) कंपनी, कारण देणगीदाराला करसवलतीची पावती हवी असते. आयकर कायद्याखालच्या, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला सूट) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या त्यासाठीच. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो, आणि गृहनिर्माण सोसायटी त्यात बसत नाही. नव्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा दाखलाही विचारतात. त्यामुळे पहिल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात सीएसआरचा आकडा घालू नका.

परदेशातल्या मुलांच्या पैशाबद्दल एक नीट समजून घ्या. वस्तीतला मुलगा न्यू जर्सीत आहे पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तीच रक्कम परदेशी निधीचं नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्याखाली येते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) का असेना. एफसीआरएच्या नेहमीच्या नोंदणीसाठी किमान तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत १५ लाख रुपयांचा मूळ कामावरचा खर्च लागतो. सुरुवातीला हा मार्ग धरू नये.

चौथी पायरी: पर्याय शेजारीशेजारी ठेवा

*सहकारी संस्था.* कायदा १९६० चा. एका सभासदाला एक मत, मग त्याचं घर तीनशे फुटांचं असो की नऊशे. माझ्या मते वस्तीच्या कामाला हेच तत्त्व सगळ्यात जवळचं आहे. घरांसाठी तर याहून चांगला साचा आपल्याकडे नाही. संस्था स्वतःच्या नावावर जमीन घेऊ शकते, कर्ज काढू शकते, वाद सहकार न्यायालयात नेऊ शकते. आदर्श उपविधी तयार मिळतात. पुनर्विकासासाठी कलम ७९अ खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत. त्यांनुसार विशेष सभेला दोनतृतीयांश सभासदांची उपस्थिती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. बिल्डरशिवाय स्वतःच बांधायचं असेल तर १३ सप्टेंबर २०१९ चा स्वयंपुनर्विकासाचा शासन निर्णय वाचा.

हे किती मोठं होऊ शकतं ते सोलापूरने दाखवलंय. कुंभारीला विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरांची गोदुताई परुळेकर वसाहत उभी केली, २००६ साली ती घरं कामगारांच्या हाती आली. नेतृत्व आडम मास्तरांचं, म्हणजे नरसय्या आडम यांचं. त्याच परिसरात पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. तिथे फेडरेशनचा साचा वापरला, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. तुमच्या डोक्यात एकाहून जास्त गल्ल्या असतील तर एकच अवाढव्य संस्था करण्याआधी छोट्या संस्था आणि वर संघ, या रचनेचा विचार करा. पाचशे जणांच्या सभेत पाणी गळण्याची तक्रार कोणी ऐकत नाही, चाळीस जणांच्या सभेत ऐकावीच लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेची मोठी मर्यादा म्हणजे वस्तीतल्या भाडेकरूला तिथे मत नाही. वीस वर्षं राहणारा, गणपतीत राबणारा, पोरांना फुकट शिकवणारा माणूस फार तर नाममात्र सभासद होतो. तुमच्या वस्तीत निम्मे भाडेकरू असतील तर "रहिवाशांची संस्था" म्हणून हा साचा अपुरा आहे हे आधी ओळखा.

*सार्वजनिक न्यास आणि १८६० ची संस्था.* दोन्ही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदल्या जातात, त्यामुळे लोक त्यांना एकच समजतात. फरक मतात आहे. नुसत्या न्यासाचा कारभार विश्वस्त करतात आणि न्यासपत्रात वेगळं लिहिलं नसेल तर पुढचे विश्वस्तही तेच नेमतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण मिळून संस्था काढतात, तिला सभासद असतात, सर्वसाधारण सभा असते आणि सभासद कार्यकारिणी निवडतात. महाराष्ट्रात अशा संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदावं लागतं. न्यासाचा क्रमांक "ई" ने सुरू होतो, संस्थेचा "एफ" ने. कोणी "आमचा ट्रस्ट आहे" म्हणालं तर क्रमांक विचारा, म्हणजे तिथे सभासदांना मत आहे की नाही याचा अंदाज लगेच येतो.

बाग, अभ्यासिका, दवाखाना अशा कामांसाठी मी "एफ" सुचवेन. भाडेकरू, घरमालक, समोरचा दुकानदार सगळ्यांना सभासद करता येतं. कामाला लोकांनी निवडलेले हात मिळतात. आणि संस्था विसर्जित झाली तरी उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडेच जाते. कोणाला हे जाचक वाटतं. मला हेच त्या साच्याचं बळ वाटतं, कारण जागेचे भाव वाढले म्हणून बाग विकून पैसे वाटून घेण्याचा मोह मुळातच बंद होतो.

बंधनंही तितकीच खरी आहेत. स्थावर मालमत्ता विकायची, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायलाही साधारणपणे लागते. म्हणून घरं बांधायला हा साचा कधीही घेऊ नका. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. बहुतेक संस्था इथेच अडकतात. दहा वर्षं अर्ज दिले नाहीत, आणि मग बँक विचारते की अधिकृत अध्यक्ष कोण, तेव्हा कागदावर वारलेल्या माणसाचं नाव निघतं.

*कलम ८ ची कंपनी.* कायदा २०१३ चा, नोंदणी पूर्ण ऑनलाइन, दोघांवरही सुरू होते. नफा वाटता येत नाही. शहरातल्या देणगीदारांना आणि कंपन्यांना हिच्यावर विश्वास वाटतो. पण दरवर्षी लेखापरीक्षण, वार्षिक विवरणपत्रं, संचालकांच्या डिजिटल सह्या हे सगळं चालू ठेवावं लागतं, आणि विवरण उशिरा भरलं तर अर्जामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढत जातं. सीएची वार्षिक फी परवडेल असं उत्पन्न नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

*भागभांडवलाची कंपनी.* जमीनच तुमची असेल आणि तिचं मोल वाढवून वाटून घ्यायचं असेल तर ही रास्त आहे. पुण्यातलं मगरपट्टा शहर असंच उभं राहिलं. शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी चारशेवर एकर जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले आणि तुकड्यातुकड्याने बिल्डरला विकण्याऐवजी स्वतःच विकासक झाले. सतीश मगर यांच्या पुढाकाराचं ते यश आहेच, पण साच्याचा अर्थही लक्षात ठेवा: इथे मत शेअरवर मोजलं जातं. ज्याची जमीन जास्त त्याचा शब्द जास्त, आणि ज्याला जमीनच नव्हती तो या रचनेच्या बाहेर.

*अपार्टमेंट*, म्हणजे १९७० च्या कायद्याखालचं कंडोमिनियम, फ्लॅटधारकांसाठी आहे. जमिनीचा अविभक्त हिस्सा प्रत्येकाच्या नावावर आणि मत हिश्शाच्या टक्क्यावर. तुम्ही आधीच त्यात असाल तर ठीक. वस्तीच्या कामासाठी नव्याने निवडू नये.

शहरांत न चालणारा, पण मनात ठेवण्यासारखा आणखी एक साचा गडचिरोलीत आहे. मेंढा (लेखा) गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करायचं ठरवलं. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. तुमच्या उपविधीतही निदान जागेसंबंधीचे दोनतीन निर्णय ५१ टक्क्यांवर सोडू नका.

पाचवी पायरी: दोन कामं असतील तर दोन संस्था

घरं आणि लोकहित एका पोत्यात भरू नका. सोसायटीच्या पैशातून वाचनालय चालवलं की एखादा सभासद लेखापरीक्षकाकडे तक्रार करतो आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. न्यासाच्या पैशातून एखाद्याचं घर दुरुस्त केलं तर करसवलतच धोक्यात येते. मुंबईत स्पार्क ही संस्था १९८४ पासून पदपथावरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांबरोबर काम करते, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन यांच्या जोडीने. बांधकामाची जोखीम घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी १९९८ साली "निर्माण" नावाची वेगळी ना-नफा कंपनी काढली, आणि घरं मात्र रहिवाशांच्या सहकारी संस्थांची राहिली. जोखीम, लोकशक्ती आणि मालकी यांना वेगवेगळी घरं दिली की एकीचं नुकसान दुसरीला बुडवत नाही. लहान वस्तीला तीन संस्था झेपणार नाहीत, पण इमारतीची सोसायटी आणि बागेची "एफ" संस्था ही जोडी झेपते. दोन्हींचे अध्यक्ष आणि खजिनदार मात्र तेच ठेवू नका.

सहावी पायरी: घटना स्वतः लिहा

टायपिंगवाल्याकडे किंवा वकिलाकडे तयार नमुना असतो. तो घ्या, पण चार कलमं आपल्या बैठकीत शब्दशः ठरवा.

सभासद कोण: "परिसरातील रहिवासी" असं मोघम लिहू नका. कुठल्या रस्त्यापासून कुठल्या नाल्यापर्यंत, किती महिने राहिलेला, भाडेकरू धरून की सोडून, ते लिहा. शक्य तिथे नवराबायको दोघांना स्वतंत्र सभासद करा. सहकारी गृहनिर्माण संस्थेत निदान भागपत्रावर आणि करारावर दोघांची नावं घाला. नाहीतर दुपारच्या पाण्याचा प्रश्न रोज सोसणारी बाई सभेत फक्त चहा देताना दिसते.

गणपूर्ती (कोरम): नेहमीच्या कामाला कमी चालेल. जागा देणे, कर्ज काढणे, घटना बदलणे यांना जास्त ठेवा. १८६० च्या कायद्यात उद्देश बदलायला महिन्याच्या अंतराने दोन सभा आणि तीनपंचमांश मतं लागतातच, तुम्ही जागेसाठी तितकंच कडक कलम घाला.

सह्या: बँकेत तिघांपैकी दोघांच्या, आणि ते दोघे एका घरातले नकोत.

मुदत: पदाधिकारी सलग किती वेळा निवडून येऊ शकतात ते लिहा. हे कलम पहिल्या अध्यक्षांना बोचतं. ते असतानाच, त्यांच्याच संमतीने ते करून घ्या. नंतर होत नाही.

सातवी पायरी: नोंदणी आणि पहिलं वर्ष

कागद साधेच लागतात: ठराव, सभासदांची यादी, ओळखपत्रं, कार्यालयाच्या पत्त्याचं वीजबिल आणि जागामालकाचं ना हरकत. पत्ता असा द्या की टपाल हातात पडेल. धर्मादाय किंवा निबंधक कार्यालयाची नोटीस जुन्या सचिवांच्या घरी पडून राहिल्यामुळे एकतर्फी आदेश झाल्याची प्रकरणं थोडी नाहीत. सहकारी संस्थेला साधारणपणे वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा प्रवर्तक लागतात, गृहनिर्माण संस्थेचे निकष स्वतंत्र आहेत. "एफ" संस्थेला सात पुरतात, पण मी म्हणेन अकरा घ्या. दोघांचा उत्साह सहा महिन्यांत ओसरतोच आणि गणपूर्ती अडते.

नोंदणी क्रमांक आला की त्याच आठवड्यात पॅन आणि मग बँक खातं. त्याआधी गोळा केलेल्या वर्गणीचा हिशेब पहिल्या सभेत मांडून ठरावाने संस्थेकडे वर्ग करा. सभावृत्ताचं पुस्तक पानांवर क्रमांक छापलेलं घ्या आणि प्रत्येक सभेनंतर तिथल्या तिथे लिहून सह्या घ्या. घरी जाऊन सवडीने लिहिलेलं इतिवृत्त वादात टिकत नाही. मार्चअखेर हिशेब बंद करा, लेखापरीक्षण करून घ्या. सहकारी संस्था असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे. गणपती आणि पितृपक्षात तारीख हुकते, म्हणून ऑगस्टमध्येच नोटीस काढा आणि ती व्हॉट्सॲपवर टाकली तरी फलकावर लावायला आणि घरोघरी पोच घ्यायला विसरू नका.